कात्रीचे तीन आवाज

ता. १२ जानेवारी

ताईस,

नमस्कार. फोन करणार होतो, पण फोनवर मी एक बोलतो, तुला दुसरंच ऐकू येतं आणि भाची तिसरंच समजावून सांगते. त्यापेक्षा पत्र बरं. एवढी मोठी बातमी तिघांत वाटून नासवायची नाही.

तर ऐक, म्हणजे वाच. मोठ्या साहेबांवर चित्रपट आलाय. 'पोलादी पाऊल'. आपल्या गल्लीतला माणूस पडद्यावर तीस फूट उंच! आणि पाच तारखेला पहिल्या खेळाला पहिल्या रांगेत कोण होतं? तुझा धाकटा भाऊ. छापील निमंत्रण आलं होतं, वर साहेबांची मिशी सोनेरी उठावात. पक्षाच्या झेंड्यावर असते ना, तशीच. पास एकच होता, त्यामुळे तुझी भावजय घरी राहिली, आणि तेव्हापासून चहाचा कप माझ्यापुढे ठेवत नाही, आदळते.

हा मान मला का, ते सांगतो. मागच्या वर्षी दुकानात एक चष्मेवाला यायचा. हनुवटीवर मोजून चार केस, पण दर मंगळवारी दाढीला हजर. तोच या चित्रपटाचा लेखक निघाला! मी त्याला बाबांचं सगळं सांगितलं होतं. त्यांचा डावरा हात, झाकणावर पोपट असलेला पत्र्याचा डबा, गिऱ्हाईक बसलं की हवेत तीनदा कात्री वाजवायची सवय. त्यानं शब्द न् शब्द वहीत उतरवून घेतला. न्हाव्याचं बोलणं कुणीतरी लिहून घेतंय, ताई! आजवर लोकांनी ते मानेवरच्या केसांसारखं झटकलंच.

चित्रपट म्हणशील तर अप्रतिम. लहानपणी साहेब रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करतात. मग काचकारखान्याचा संप, धूर, घोडे. मध्यंतरात आम्हा पाहुण्यांना वरच्या दालनात जेवायला नेलं. असं जेवण, की मी कमरेचा पट्टा दोन भोकं सैल केला. मध्यंतरानंतरचा भाग तर फारच जबरदस्त. इतका, की शब्दांत सांगता येत नाही. शेवटी सगळे टाळ्या वाजवत उभे राहिले, मीसुद्धा दचकून उभा राहिलो.

बाबांची जुनी खुर्ची त्यांनी थिएटरच्या दर्शनी दालनात मांडलीय. खाली लाल कापड, वर दिवा, बाजूला पाटी. लोक रांग लावून फोटो काढतात. पाटी वाचायची राहिली, चष्मा घरी होता. पण अक्षरं मोठी होती, म्हणजे मजकूरही मोठाच असणार.

दुकानात तर मौज चाललीय. मी कात्री तीनदा वाजवली की कुणीतरी दाराकडे बघून ओरडतं, "आले का हो?" आणि सगळं दुकान हसतं. मीही हसतो. बाबांची सवय चित्रपटानं घरोघर पोचवली, याहून काय हवं?

तेवीस फेब्रुवारीला पन्नासावा दिवस. साहेबांचे चिरंजीव, म्हणजे आताचे मंत्री, आपले धाकटे साहेब येणार. माझा सत्कार आहे. आणि बाबांच्या खुर्चीत त्यांची दाढी करायचा मान मला, सगळ्या छायाचित्रकारांसमोर! तू तिकडे चित्रपट बघून घे. अभिमानाने ऊर भरून येईल.

तुझा धाकटा

*

ता. २० जानेवारी

चिरंजीव धाकट्या,

अनेक आशीर्वाद. त्यातले दोन सध्या माझ्याकडेच ठेवून घेते. पत्र संपेपर्यंत कारण कळेल.

लेकीबरोबर जाऊन चित्रपट पाहिला. मला ऐकू येत नाही ही किती सोय आहे ते पहिल्यांदा कळलं. असले चित्रपट कान मिटूनच बघावेत. तुझे मोठे साहेब म्हणजे आपल्या गल्लीतला शेंबड्याच ना? विशीत आला तरी बारा महिने सर्दी. पडद्यावर अडीच तासांत त्याचं नाक एकदाही वाहिलं नाही. मला तिथेच संशय आला. आणि दिव्याखाली अभ्यास म्हणे! आपल्या गल्लीत दिवा लागला तो शेंबड्या मंत्री झाल्यावर. लहानपणी त्यानं कुठल्या दिव्याखाली अभ्यास केला ते त्याचं त्याला ठाऊक. निकालांवरून तरी अंधारातच केला असावा.

असो. मी तुला एकच विचारते. मध्यंतरानंतर काय होतं रे?

नाही सांगता येत? मग मी सांगते. पोलीस शेंबड्याच्या मागावर असतात. तो एका न्हाव्याच्या दुकानात शिरतो. न्हावी गोड बोलून त्याला खुर्चीत बसवतो, तोंडाला साबण फासतो. मग पोपटाच्या डब्यातून कात्री काढतो, खिडकीशी जातो आणि डाव्या हातानं वाजवतो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्या आवाजाला पोलीस आत. शेंबड्या साबणासकट छाती काढून बेड्या घालून घेतो आणि न्हाव्याकडे बघून म्हणतो (हे लेकीनं मला लिहून दाखवलं), "तुझी कात्री केस कापते, माझा विश्वास कापू शकत नाही." सगळं थिएटर न्हाव्याला शिव्या घालत होतं. शेजारची बाई तर चप्पल चाचपत होती.

मी म्हटलं, "खोटं आहे हे!" माझ्या मते मी पुटपुटले. लेक म्हणते, बाहेर तिकीट देणाऱ्याला ऐकू गेलं.

न्हाव्याला त्यांनी नाव दिलेलं नाही. नावाची गरजच काय? संवाद मला ऐकू आले नाहीत, पण हात दिसला ना. तो आपल्या बाबांचा हात होता. आणि तो त्यांना नेऊन दिला कुणी? दर मंगळवारी दिला, वर तुरटी फिरवून दिला.

तू झोपला होतास. खोटं बोलू नकोस. खुर्ची दिसली की तुला लहानपणापासून डुलकी लागते, आणि धंदा निवडलास तोही खुर्चीचाच. आता आपलं पत्र आठव. गिऱ्हाईकं दाराकडे बघून विचारतात, "आले का हो?" कोण आले, असं तुला वाटतं? पाहुणे?

चष्मा घाल, थिएटरात जा, पाटी वाच, मग लिही.

ताई

*

ता. २९ जानेवारी

ताईस,

नमस्कार. झोपलो होतो. जेवण जड होतं, खुर्ची मऊ होती आणि अंधार त्यांनीच केला होता.

तुझं पत्र वाचून आधी मी चिडलो. म्हटलं, ताईला ऐकू येत नव्हतं, आता दिसेनासंही झालं वाटतं. मग पदरचं तिकीट काढून गेलो. उभ्यानं बघितला, म्हणजे मागच्या भिंतीला टेकून, डुलकी नको म्हणून. तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. तू थोडं सौम्यच लिहिलंस. आमच्याकडे ज्यांनी चपला चाचपल्या होत्या त्यांनी फेकल्याही.

पाटीवर असं आहे: "हीच ती खुर्ची! येथेच विश्वासघाताने साबणाचा फेस पांघरला होता." खाली पक्षाची मिशी. लोक खुर्चीशेजारी गळ्यावर बोट फिरवून फोटो काढतात. माझ्यादेखत एका छत्रीवाल्या म्हाताऱ्यानं खुर्चीच्या पाठीवर छत्रीचे दोन फटके मारले, मग तिलाच विचारलं, "लाज नाही वाटली?" खुर्ची काय बोलणार? मी बोलायला हवं होतं. मीही लाकडासारखाच उभा राहिलो.

व्यवस्थापकाला म्हटलं, खुर्ची परत द्या. तो म्हणाला, "काका, पन्नास दिवसांच्या कागदावर सही तुमचीच आहे. आणि गर्दी बघा की! कुठल्या न्हाव्याच्या खुर्चीला एवढा मान मिळतो?" चष्मेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "काका, नायकाला सगळे विसरतात. लक्षात राहतो तो खलनायक. तुमच्या वडिलांना मी अमर केलंय, तुम्ही आभार मानायचं सोडून..." मी फोन ठेवला. नंतर लक्षात आलं, सवयीनं ठेवताना "धन्यवाद" म्हणालो होतो.

आता कात्री वाजवत नाही. हात वर जातो आणि थांबतो. तेही लोकांच्या लक्षात आलंय. परवा एक जण म्हणाला, "का हो, आज पोलिसांना सुट्टी का?"

ताई, एक विचारतो. साहेबांच्या मागावर पोलीस आले त्या दिवशी मी दुकानातच होतो, सहा वर्षांचा, बाकावर झोपलेला. मला काहीच आठवत नाही. बाबा त्या दिवसाबद्दल कधी चकार शब्द बोलले नाहीत. मला वाटायचं, साहेबांना लपवलं होतं म्हणून बढाई नको असेल. पण चित्रपट बघून रात्रंदिवस एक किडा डोकं पोखरतोय. माणूस गप्प राहतो तो काही फक्त चांगुलपणानंच राहतो असं नाही. बाबांनी तसलं काही केलं तर नव्हतं ना?

तुझा धाकटा

*

ता. ५ फेब्रुवारी

धाकट्या,

तू समोर असतास तर साठ वर्षांनी तुला कानाखाली मिळाली असती. दूर राहतोस, नशीबवान आहेस. पण तू विचारलंस ते बरं केलंस. मनात ठेवून सत्काराला गेला असतास तर ते जास्त वाईट होतं.

मी नऊ वर्षांची होते आणि जागी होते. भरदुपारी शेंबड्या धावत आला. नाक वाहत होतं, डोळेही. पोलीस गल्लीच्या तोंडाशी. संपामुळे सगळ्या शहरात त्याची ती मिशी प्रसिद्ध, भिंतीभिंतीवर तिचं चित्र. बाबांनी त्याला बसवलं आणि चार फटक्यांत मिशी उडवली. अंगात आपला पांढरा डगला घातला, हातात हत्यारांची धोकटी दिली, म्हणाले, "मागच्या दारानं जा. न्हाव्याकडे कुणी वर मान करून बघत नाही." शेंबड्या निघाला.

मी मागच्या दारातून बघत होते. कोपऱ्यावर पोलिसांनी त्यालाच अडवलं आणि विचारलं, न्हाव्याचं दुकान कुठलं? शेंबड्यानं बोट दाखवलं. आपल्या दुकानाकडे. त्याचा चौकातला पुतळा आहे ना, एक बोट पुढे करून देशाला दिशा दाखवणारा? मूर्तिकाराला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. दिशा बरोबर आपल्याच दुकानाची आहे.

बाबा नंतर एवढंच म्हणाले, "घाबरलेलं पोर ते. विचारल्यावर काय सांगणार?"

पोलीस आत येईतो मी मिशी झाडून पाणी तापवायच्या शेगडीत टाकली. हो, ज्या मिशीवर लोक आज मतं देतात ती मी नऊ वर्षांची असताना जाळलीय. चरचर वास आला होता. पुराव्याचं म्हणशील तर तेवढाच होता आणि तो मीच धुरात घालवला. तू तेव्हाही झोपला होतास.

बाबांना अकरा दिवस ठेवलं. शेंबड्या कुठे गेला ते विचारत होते. बाबा परत आले तेव्हा डाव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती. तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं. गिऱ्हाईक बसलं. बाबांनी कात्री उचलली, पण गिऱ्हाईकाला लावली नाही. आधी हवेत उघडली. पहिल्या वेळी अडली. दुसऱ्या वेळी कुरकुरली. तिसऱ्या वेळी उघडली. मग त्यांनी कापायला घेतलं.

कळलं का? ते तीन आवाज त्या दिवसाआधी नव्हतेच. पोलिसांनी बोटं मोडली म्हणून ते आले. मरेपर्यंत प्रत्येक गिऱ्हाईकाआधी बाबा बघून घ्यायचे, हात चालतोय का, समोरच्याला इजा तर होणार नाही ना. तुला वाटलं ऐट आहे. चांगल्या हातांनी तू चाळीस वर्षं नक्कल केलीस, आणि चष्मेवाल्यानं त्याच आवाजांनी पोलीस बोलावले.

पुढे शेंबड्या मोठा झाला. रोज गाडीतून दुकानावरून जायचा. दाढीला म्हणून कधी उतरला नाही. बाबा म्हणायचे, कामात असेल.

सत्काराला काय करायचं ते मी सांगणार नाही. फक्त या वेळी जागा राहा.

ताई

*

ता. २५ फेब्रुवारी

ताईस,

नमस्कार. मध्ये वीस दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं, वस्तरा पट्ट्यावर घासत होतो.

परवा झालं सगळं. थिएटरचं दालन माणसांनी फुललेलं. दिवे इतके, की तुरटीसुद्धा चमकत होती. व्यवस्थापकानं माझ्या सदऱ्याला एक बारीकसा मायक्रोफोन लावला. म्हणाला, "काका, दाढी करता करता साहेबांच्या दोन आठवणी सांगा, म्हणजे लोकांपर्यंत पोचतील." मी म्हटलं, सांगतो की.

धाकटे साहेब आले. तोंडावर वडिलांचीच मिशी, तशीच पिळदार. बाबांच्या खुर्चीत बसले, मान मागे टाकली. मी कात्री काढून हवेत वाजवली. तीनदा. गर्दीतून आवाज आलाच, "आले का हो?" हशा पिकला. मंत्रीही हसले. मग मी साबण लावला. ओठांवर जरा जास्तच लागला, म्हातारा हात आहे. वस्तरा हनुवटीखाली टेकवला आणि बोलायला लागलो.

ताई, आपल्या धंद्यातली एक गोष्ट मी चाळीस वर्षं वापरलीच नव्हती. मंत्र्याला सभेत कुणी गप्प करू शकत नाही, सभागृहात करू शकत नाही. वस्तरा गळ्याशी असला की मात्र तो शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतो. मान हलवायची नाही आणि बोलायचं तर मुळीच नाही. मी घाई केली नाही. एकेक पट्टा ओढत गेलो आणि एकेक गोष्ट सांगत गेलो. डगला, धोकटी, मागचं दार. कोपऱ्यावर दाखवलेलं बोट. अकरा दिवस. दोन बोटं. तीन आवाज कशाचे, ते. बोलताना माझा हात थरथरला नाही, हे मंत्र्यांचं नशीब.

कुणी हसेनासं झालं होतं. व्यवस्थापक लांबून मायक्रोफोनकडे बोट करून कात्रीसारखी दोन बोटं हलवत होता, तोडा तोडा म्हणून. पण मंत्र्याच्या मानेजवळ यायची कुणाची छाती होईना.

शेवटी वस्तरा नाकाखाली आणला आणि विचारलं, "साहेब, मिशी ठेवायची का? तुमच्या वडिलांची आमच्या बाबांनी काढली होती. जीव वाचला त्यांचा." त्यांनी टॉवेलखालून दोन्ही हात काढून मिशीवर ठेवले. असा मुजरा मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मी तोंड पुसलं, तुरटी लावली, आरसा धरला. त्यांनी आरशात मिशी तपासली. मग उठले, गर्दीकडे वळले आणि गरजले, "अशी त्यागी माणसं माझ्या वडिलांच्या पाठीशी उभी होती!" टाळ्या. ताई, ही जातच वेगळी. पाण्यात टाकलं तर ओले होत नाहीत. मला मिठी मारून कानात म्हणाले, "दाढी झकास झाली, काका. तुमची गोष्ट पुढच्या भागात घेऊ."

काल वर्तमानपत्रात मोठा फोटो आला: "मंत्र्यांचा साधेपणा, सामान्य कारागिराकडून करून घेतली दाढी." माझ्या बोलण्यातलं अक्षर नाही. तुझी भावजय म्हणाली, फोटोत पोट फार दिसतंय.

पण ऐक, अजून संपलेलं नाही. मंत्र्यांची गाडी गेली, दिवे विझवायला लागले, मी सामान आवरत होतो. तर खुर्चीत कुणीतरी येऊन बसलं. तो छत्रीवाला म्हातारा. म्हणाला, "मला मागे नीट ऐकू आलं नाही. दाढी करा आणि पहिल्यापासून सांगा." मी केली, सांगितलं. तो उठला, तर त्याच्यामागे आणखी सहा जण उभे. रांग वाढत गेली, एकूण अकरा दाढ्या झाल्या. दोघांचा विश्वास बसला नाही, पण ऐकावं त्यांनाही शेवटपर्यंतच लागलं. मग आम्ही चौघांनी मिळून खुर्ची हातगाडीवर चढवली. व्यवस्थापक म्हणाला, पाटी थिएटरची आहे. म्हटलं, ठेवा, तुम्हालाच शोभते.

आज सकाळी दुकान उघडलं. बाबांची खुर्ची खिडकीशी मांडली. पहिलं गिऱ्हाईक बसलं, मी कात्री तीनदा वाजवली. दारातून जाणारा एक जण थांबला आणि नेहमीसारखा ओरडला, "आले का हो?"

मी काही बोलायच्या आत बाकावरून उत्तर गेलं. छत्रीवाला वर्तमानपत्र वाचत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "आले होते. पण तोवर न्हाव्यानं त्याला मागच्या दारानं काढून दिलं होतं."

दुकानात कुणी हसलं नाही. मी कापायला घेतलं.

तुझ्याकडे माझे दोन आशीर्वाद राहिलेत. जमलं तर पाठव.

तुझा धाकटा

*

ता. ४ मार्च

चिरंजीव धाकट्या,

अनेक आशीर्वाद, आणि वर ते राहिलेले दोन. मोजून घे.

इथे चित्रपट गेल्या आठवड्यात उतरला. तोवर मी आणखी दोनदा पाहिला. दोन्ही वेळा न्हावी खिडकीशी गेला की पुटपुटले. दुसऱ्या वेळी थिएटरवाल्यानं लेकीला बाजूला घेऊन विनंती केली, की आईला घरी आराम पडू दे. मी म्हटलं, चित्रपटालाच पडू दे. तो पडलाच.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येते. चांगली महिनाभर राहीन, भावजयीला सांगून ठेव, कप माझ्यापुढेही आदळला तरी मला ऐकू येणार नाही. दुकानातला झाडू कुणाला देऊ नकोस. मंत्रिमहाशय फोटोसाठी पुन्हा येतीलच, साधेपणाची चटक लागली की सुटत नाही. या वेळी न विचारता मिशीवरून वस्तरा फिरव. झाडायला अनुभवी माणूस आहे.

आणि या वेळी मी ती शेगडीत घालणार नाही. पोपटाच्या डब्यात ठेवीन.

ताई